परतलेल्या जवानाची न दिसणारी जखम

दरवर्षी 7 डिसेंबर उजाडला, की पुसदच्या शाळांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून कागदी ध्वज वाटले जातात. तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे असलेला हा चिमुकला ध्वज भूदल, नौदल आणि वायुदल यांची खूण आहे. 1949 पासून देशभर सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. शिक्षक वर्गात पैसे गोळा करतात, कारकून मंडळी कार्यालयाला नेमून दिलेले उद्दिष्ट कसेबसे पुरे करतात आणि विद्यार्थी खिशाला टाचणीने ध्वज लावून दिवसभर मिरवतात. सायंकाळी तो ध्वज वहीच्या पानात जातो आणि बाकीच्या 364 दिवसांत त्याची आठवण कोणाला होत नाही.

या निधीमागे तीन हेतू सांगितले जातात. युद्धात कामी आलेल्यांच्या कुटुंबांचे आणि जायबंदी झालेल्यांचे पुनर्वसन हा पहिला. सेवेत असलेल्या जवानांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे कल्याण हा दुसरा. आणि निवृत्त होऊन घरी परतलेल्या सैनिकांचे पुनर्वसन हा तिसरा. पहिल्या दोन हेतूंविषयी समाजाच्या मनात निदान भावना तरी आहे. हुतात्म्याच्या अंत्ययात्रेला सारा तालुका लोटतो. सीमेवर उभ्या असलेल्या जवानाविषयी भाषणे होतात. परंतु जो जिवंत परत आला, दोन्ही हातांपायांनी धड परत आला आणि तरीही पुरता परत आला नाही, त्याच्याविषयी आपल्यापाशी ना भावना आहे, ना भाषा. पुसदसारख्या गावाने विचार करावा असा प्रश्न नेमका हा आहे.

एका जवानाची वाट

सेवा, जखम, उपचार आणि हक्काची मागणी ही चार मुक्कामांची वाट कशी असते, हे महाराष्ट्रातील एका जवानाच्या आयुष्यात लख्ख दिसते. मुरलीकांत पेटकर हे त्यांचे नाव. 1944 साली सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे त्यांचा जन्म झाला. लहान वयातच ते लष्कराच्या मुलांच्या तुकडीत दाखल झाले आणि पुढे विद्युत व यांत्रिक अभियंता दलात, म्हणजे ‘ईएमई’मध्ये जवान झाले. मुष्टियुद्धात त्यांनी नाव मिळवले. 1964 मध्ये टोकियोला झालेल्या सेनादलांच्या क्रीडास्पर्धेत भाग घेतला. वयाच्या विशीत असा मान मिळालेल्या तरुणापुढे मुष्टियोद्ध्याची मोठी कारकीर्द उभी होती.

1965 च्या भारत-पाक युद्धाने ती संपवली. शत्रूच्या हल्ल्यात पेटकरांच्या शरीरात नऊ गोळ्या शिरल्या. त्यांतील एक मणक्यापाशी कायमची राहिली. कमरेखालचे शरीर निकामी झाले. ज्याचे सारे वैभव पायांच्या चपळाईवर उभे होते, तो मुष्टियोद्धा चाकांच्या खुर्चीत बसला. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. तेथे शरीराला व्यायाम म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला आणि पाण्यात उतरल्यावर या माणसाला आपले हरवलेले शरीर निराळ्या रूपाने परत सापडले. 1968 मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले. 1972 मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे 50 मीटर मुक्तशैली जलतरणात 37.33 सेकंदांची विक्रमी वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमध्ये भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. ऑलिम्पिकमध्ये असे पदक मिळण्यास 2008 उजाडावे लागले.

ज्या वर्षी पेटकर जखमी झाले आणि ज्या वर्षी त्यांनी सुवर्णपदक जिंकले, त्या दोन्ही वर्षी महाराष्ट्राची धुरा पुसद तालुक्यातील गहुलीच्या वसंतराव नाईक यांच्याकडे होती. डिसेंबर 1963 पासून फेब्रुवारी 1975 पर्यंत, म्हणजे 1965 आणि 1971 या दोन्ही युद्धांच्या काळात, राज्याचा कारभार पुसदच्या या सुपुत्राने पाहिला. युद्धे सीमेवर होतात, पण त्यांतून परतणारी माणसे राज्यांच्या, तालुक्यांच्या आणि गावांच्या पदरी पडतात. दोन युद्धांच्या काळात ज्याने राज्य सांभाळले त्याच्या तालुक्याला हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

पेटकरांची पुढची हकिगत मात्र सुवर्णपदकाइतकी झळझळीत नाही. 1982 मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेली मागणी नाकारण्यात आली. पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी करीत ते जगले. देश त्यांना विसरला. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे हायडेलबर्गनंतर 46 वर्षांनी. 2024 मध्ये त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट निघाला आणि तेव्हा कोठे शाळकरी मुलांना त्यांचे नाव कळले. 2024 सालासाठीचा जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार 2025 च्या जानेवारीत त्यांच्या हाती आला, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

या चरित्रातून जो बोध सहसा काढला जातो तो जिद्दीचा. मनात आणले तर माणूस काहीही करू शकतो, असे शाळेच्या फळ्यावर लिहिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पेटकरांची जिद्द फळाला आली ती चार व्यवस्थांमुळे. पाण्याची शिफारस करणारे आणि ती प्रत्यक्षात आणणारे रुग्णालय होते. खेळ हा वेळ घालवण्याचा उद्योग न मानता सेवेचा भाग मानणारे सेनादल होते. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारख्यांनी परदेशी स्पर्धांसाठी साह्य उभे केले. आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला कामावर ठेवणारा कारखाना होता. यांतील एक जरी नसते, तरी तीच जिद्द एखाद्या अंधाऱ्या खोलीत कुजून गेली असती. बरे होणे हा चमत्कार नसतो. त्यासाठी माणसांना आणि संस्थांना व्यवस्था उभी करावी लागते.

ही गोष्ट जगानेही युद्धाच्याच शाळेत शिकली. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथे 1944 साली डॉ. लुडविग गुटमन यांनी कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी कक्ष उघडला. अशा रुग्णांना अंथरुणावर मरू देण्याची त्या काळची रीत त्यांनी मोडली आणि खेळ हा उपचाराचा भाग केला. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिम्पिक सुरू झाले त्याच दिवशी, या रुग्णालयाच्या हिरवळीवर 16 जायबंदी सैनिक धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरले. आजच्या पॅरालिम्पिकचे मूळ तेथे आहे. पेटकरांचे पदक हे त्याच झाडाचे फळ.

शरीराला केंद्रे, मनाला काय?

शरीराच्या जखमांच्या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी परंपरा आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या जवानांना कसब शिकवण्यासाठी 1917 मध्ये सुरू झालेली क्वीन मेरी संस्था पुढे खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, पुण्याला कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. 1971 च्या युद्धानंतर, 1974 मध्ये, खडकीलाच कमरेखाली लुळे झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. प्रत्येक मोठ्या युद्धाने एकेक संस्था दिली. हात गेला तर हात, पाय गेला तर पाय आणि दोन्ही नसतील तर निदान चाकांची खुर्ची आणि सोबत.

पण मनाच्या जखमेसाठी कोठे जावयाचे, असे विचारले तर शिकलेल्या माणसालाही चटकन उत्तर देता येणार नाही. याचे कारण त्या जखमेच्या स्वरूपातच आहे. पेटकरांच्या मणक्यातील गोळी क्ष-किरणाच्या चित्रात दिसते. तिच्याबद्दल कोणी वाद घालू शकत नाही. उलट, ज्याच्या डोळ्यांसमोर शेजारचा सोबती सुरुंगाने उडाला, त्याच्या मनात काय राहिले ते कोणत्या चित्रात दिसणार?

पहिल्या महायुद्धात या अवस्थेला ‘शेल शॉक’ हे नाव पडले. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जातंतू बिघडतात अशी तेव्हाची समजूत होती. इंग्लंडच्या मानसतज्ज्ञ चार्ल्स मायर्स यांनी 1915 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात यावर लिहिले. परंतु अनेकांनी या जवानांना डॉक्टरऐवजी गोळीबार पथकासमोर उभे केले. पळ काढणे, भ्याडपणा अशा आरोपांवरून त्या युद्धात ब्रिटिश लष्कराने 306 सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतील किती जण गुन्हेगार आणि किती आजारी होते, हे आता कोणी सांगू शकणार नाही. 2006 मध्ये ब्रिटिश संसदेने त्यांना माफी दिली. माफी येण्यास नव्वद वर्षे लागली.

या आजाराला वैद्यकशास्त्राने स्वतंत्र स्थान दिले ते 1980 मध्ये. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत सूचीत आघातोत्तर ताणाचा विकार समाविष्ट केला. त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. व्हिएतनाममधून परतलेले सैनिक 1970 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आपण होऊन एकत्र जमू लागले. झोप लागत नाही, बायकोमुलांवर हात उगारला जातो, आवाज झाला की अंग जमिनीवर पडते, असे ते एकमेकांना सांगत. रॉबर्ट लिफ्टन आणि चाइम शाटान यांसारखे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या बैठकांना जाऊन बसले, ऐकू लागले आणि पुढे दशकभर या आजाराला नाव मिळावे म्हणून झगडले. म्हणजे सैनिकांनी मागणी केली तेव्हा शास्त्राने दखल घेतली. हक्काची मागणी ही उपचारानंतरची पायरी आहे, असे आपण समजतो. वस्तुतः ती उपचाराचाच भाग असते. आपल्याला काय झाले हे दुसऱ्याने मान्य केल्याशिवाय मनाची जखम भरू लागत नाही.

‘मिलिटरीवाला आहे, तापट असायचाच’

आता पुसदकडे यावे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच त्याला म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या गावाचे 46 जवान कामी आले. अशा गावात निवृत्त जवान परततो तेव्हा पारावर त्याला त्याच्यासारखी दहा माणसे भेटतात. कोणी कारगिलचा, कोणी सियाचिनचा, कोणी ईशान्येकडील जंगलांचा. न सांगता बरेच समजून घेतले जाते. विदर्भातही सैनिकी परंपरा नाही असे नाही. 1941 मध्ये बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये येथील घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली आहे आणि आज तांड्यांवरची, वाड्यांवरची मुले पहाटेच्या अंधारात भरतीसाठी धावताना पुसदच्या मैदानांवर दिसतात. परंतु घराघरांतून जवान अशी येथली स्थिती नाही. येथे परतणारा जवान बहुधा आपल्या आळीत एकटा असतो.

असा एक जवान डोळ्यांसमोर आणावा. सतरा-अठरा वर्षे नोकरी झाली; त्यांतील निम्मी काश्मीरच्या खोऱ्यात गेली. चाळिशीच्या आत तो गावी येतो. सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते. निवृत्तीच्या पैशांतून बहिणीचे लग्न किंवा घराचा स्लॅब होतो. पहिल्या दिवाळीत फटाक्यांची माळ वाजते आणि तो शेतातल्या कोठ्यावर निघून जातो. कापूस वेचायचा आहे, असे सांगतो. रात्री दोनला उठून दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतो. एसटी स्थानकाच्या गर्दीत भिंतीला पाठ लावूनच उभा राहतो. हळूहळू सायंकाळची बाटली सुरू होते, कारण तेवढ्याने झोप येते. पत्नी सासूला सांगते. सासू देवऋष्याकडे नेते. गाव म्हणते, ‘मिलिटरीवाला आहे, तापट असायचाच.’ या एका वाक्याने साऱ्या चौकशीचे दार बंद होते.

मग नोकरी शोधली जाते आणि माजी सैनिकाला सहज मिळणारी नोकरी म्हणजे बँकेच्या दारातील पहारेकऱ्याची. ज्याला शस्त्राच्या आठवणीने झोप लागत नाही, त्याच्या खांद्यावर आपण पुन्हा बंदूक ठेवतो आणि त्याला पुनर्वसन म्हणतो! यात बँकेचा दोष नाही आणि त्या जवानाचाही नाही. त्याच्याकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीत दुसरे काही बसतच नाही, हा दोष आहे.

उपचार हवे असतील तर वाट किती लांब आहे तेही पाहिले पाहिजे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरवर. प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला. ते आणखी दीडशे किलोमीटर पुढे. माजी सैनिकांच्या आरोग्याची अंशदायी योजना एप्रिल 2003 पासून आहे आणि तिने पुष्कळ कुटुंबांना आधार दिला आहे. परंतु हृदयविकारासाठी माणूस मुकाट्याने अडीचशे किलोमीटर जातो. मनाच्या दुखण्यासाठी तो अडीच किलोमीटरही जात नाही. तेथे जाताना कोणी पाहिले तर काय, ही शंका अंतरापेक्षा मोठी असते.

पुराव्याचे ओझे कोणावर?

समजा हा जवान पुढे आला आणि आपला आजार सेवेमुळे झाला असे म्हणाला, तर त्याची गाठ कागदांशी पडते. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी आजार सेवेमुळे उद्भवला किंवा सेवेने बळावला असे ठरावे लागते. वैद्यकीय मंडळाने ‘सेवेशी संबंध नाही’ असा एका ओळीचा शेरा मारला, की पुढची दहा वर्षे अर्जविनंत्यांत जातात. धरमवीर सिंग हे 1985 मध्ये सैन्यात दाखल झाले आणि झटक्यांच्या आजारामुळे 1994 मध्ये घरी पाठवले गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो जुलै 2013 मध्ये. त्या निकालाने एक स्वच्छ तत्त्व सांगितले. भरतीच्या वेळी ज्याच्या प्रकृतीत काही दोष नोंदलेला नाही, तो धडधाकट होता असे धरून चालावे. पुढे आजार झाला तर त्याचा सेवेशी संबंध नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नाही, सरकारवर आहे.

तत्त्व स्वच्छ असले तरी व्यवहार तसा नाही. सशस्त्र दल न्यायाधिकरण 2009 मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ मुंबईला आहे. तेथे जिंकलेल्या जवानांविरुद्ध सरकारी खाती वरच्या न्यायालयात जात राहिली. 2015 मध्ये संरक्षण मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेच या अपिलांवर कडक टीका केली आणि जायबंदी सैनिकांविरुद्धची अपिले मागे घ्यावीत अशी शिफारस केली. त्यानंतर सप्टेंबर 2023 मध्ये अपंगत्वाच्या लाभांचे नवे नियम आले आणि ते पूर्वीपेक्षा कठोर असल्याची तक्रार माजी सैनिकांच्या संघटनांनी केली.

सरकारची बाजू अगदीच निराधार नाही, हेही म्हटले पाहिजे. या सवलतीचा गैरफायदा घेतला जातो, अशी शंका वारंवार घेतली गेली आहे. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांत अधिकाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा बरेच जास्त असल्याकडे महालेखापरीक्षकांनीही लक्ष वेधले होते. सार्वजनिक पैशाची काळजी घेणे हे कोणत्याही सरकारचे कर्तव्यच आहे. परंतु वरच्या मजल्यावर शंका आली म्हणून तळमजल्याचे दार बंद करणे हा उपाय नव्हे. ज्याच्याकडे वकील आहे, इंग्रजी आहे आणि ओळखी आहेत, तो कठोर नियमांतूनही वाट काढतो. पुसद तालुक्यातील जवानाजवळ यांतील एकही नसते. नियम कठोर झाले की गळतो तो खरा गरजू. चतुर माणूस क्वचितच गळतो.

उद्या येणारे तरुण

हा प्रश्न जुन्या युद्धांचा आहे असे समजून कोणी स्वस्थ बसू नये. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. तिच्यानुसार भरती झालेल्या अग्निवीरांची सेवा चार वर्षांची. त्यांतील जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम होणार आणि उरलेले ठराविक रक्कम घेऊन घरी परतणार. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 अखेरपासून पुरी होऊ लागतात. या तरुणांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा रूढ दर्जाही योजनेने दिलेला नाही. सेवेत असताना अपंगत्व आले तर भरपाईची तरतूद आहे. परंतु मनाची जखम वेळापत्रक पाळत नाही. ती पुष्कळदा सेवेनंतर दोन, पाच, दहा वर्षांनी डोके वर काढते. पंचविशीतल्या त्या तरुणाने मग कोणाच्या दारात जावे? तो सैनिक कल्याण कार्यालयाचा की केवळ सुशिक्षित बेकारांच्या यादीतला? या प्रश्नाचे उत्तर ही मुले परत येण्याआधी तयार हवे. योजना चांगली की वाईट, हा वाद निराळा. तिच्यातून येणारी माणसे आपली आहेत, यात वाद नाही.

उपाय घरचाच आहे

यवतमाळ जिल्ह्याला मनाच्या दुखण्याची ओळख नाही असे कोण म्हणेल? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी या जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचवले, आणि त्या दुःखातूनच एक उपयुक्त गोष्ट येथे आली. विदर्भ आणि मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांसाठी 2015 मध्ये राज्याने ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन साध्या प्रश्नांतून निराश माणूस ओळखावा आणि त्याला समुपदेशकापर्यंत पोहोचवावे, ही त्यामागची कल्पना. ही बाई गावातलीच असते. ती घरी आल्याने कोणाची अब्रू जात नाही. तिच्या प्रश्नावलीत ‘घरात कोणी सैन्यातून परतलेले आहे का, त्यांना झोप लागते का’ हे दोन प्रश्न घालण्यास नवे कार्यालय लागत नाही, नवी इमारत लागत नाही. शेतकऱ्याचाच मुलगा जवान होतो आणि जवान परत येऊन शेतकरीच होतो. त्याच्यासाठी निराळे दार शोधण्याची गरज काय?

राष्ट्रीय पातळीवर ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीवरून मानसिक आधार देणारी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 हा तिचा क्रमांक. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सेनादलांसाठी तिचा खास कक्ष उघडण्यात आला. हा क्रमांक पुसदच्या किती माजी सैनिकांच्या घरांत ठाऊक आहे? तो शाळेच्या फलकावर लिहिणे हे शिक्षकांच्या हातचे काम आहे.

उरलेली कामेही अशीच साधी आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने महिन्यातून एक दिवस मनोविकारतज्ज्ञासह पुसदच्या शासकीय रुग्णालयात बसावे. सेवेतून बाहेर पडताना प्रत्येक जवानाच्या हाती तो कोठे आणि कोणत्या परिस्थितीत राहिला याची नोंद असलेला कागद द्यावा, म्हणजे उद्या पुराव्यासाठी त्याला वणवण करावी लागणार नाही. वैद्यकीय मंडळाने नकार द्यावयाचा असेल तर कारणे त्याला समजतील अशा भाषेत लिहून द्यावीत. अग्निवीरांची सेवेनंतर पहिल्या आणि तिसऱ्या वर्षी विनामूल्य तपासणी व्हावी. आणि गावात एक खोली असावी, जेथे आठवड्यातून एकदा हे लोक एकत्र बसतील. न्यूयॉर्कच्या सैनिकांनी सुरुवात केली ती अशाच बैठकांनी. अपशिंग्याचा पार आपोआप जे करतो, ते पुसदला योजून करावे लागेल, इतकेच.

या कामात ज्यांना सामान्य समजले जाते त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. कचेरीतील कारकुनाच्या टेबलावर या जवानाचा दाखला येतो, निवृत्तिवेतनाचा अर्ज येतो. ‘उद्या या’ हे शब्द इतर कोणालाही त्रासदायक वाटतात. ज्याचे मन आधीच शिणलेले आहे त्याला ते हरवून टाकतात. शिक्षकाच्या वर्गात या जवानाचे मूल बसते. ते अलीकडे गप्प का, वडिलांचे नाव निघाले की दचकते का, हे त्यालाच आधी दिसते. महाविद्यालयातील विद्यार्थी उद्या स्वतःच गणवेश घालणार आहे. जवानाला व्याख्यानासाठी बोलावताना त्याने केवळ लढाईची गोष्ट विचारू नये. परत येणे कसे होते, हेही विचारावे. कदाचित त्या प्रश्नाची तो अनेक वर्षे वाट पाहत असेल.

मुरलीकांत पेटकरांना पद्मश्रीसाठी 46 वर्षे थांबावे लागले आणि तरीही ते भाग्यवान ठरले. कारण त्यांची जखम दिसत होती आणि त्यांनी जिंकलेले पदकही दिसत होते. ज्याची जखमही दिसत नाही आणि ज्याच्याकडे दाखवायला पदकही नाही, तो किती वर्षे थांबणार? येत्या 7 डिसेंबरला पुसदच्या शाळांतून आणि कचेऱ्यांतून पुन्हा तो तीनरंगी कागद खिशाला लागेल. पैसे द्यावेतच, पण त्या दिवशी आपल्या आळीतल्या एका परतलेल्या जवानाच्या घरी जाऊन त्याच्याशी चार शब्द बोलावेत आणि मुख्य म्हणजे त्याचे ऐकावे. निधीचे उद्दिष्ट त्याने वाढणार नाही. ध्वजदिनाचे वाढेल.